धड पोहता न येणारा मासा तगतो कसा? (लम्पसकर)

ऋतुगंध

सिअ‍ॅटलच्या आसपासच्या धक्क्यांवर रात्री टॉर्च घेऊन पाण्यात डोकावायचा मला नाद आहे. परवा असंच वाकून बघताना केल्पच्या, म्हणजे लांब समुद्री शेवाळाच्या, एका पानावर हिरवट गोळी दिसली. तीन-साडेतीन सेंटिमीटरची असेल. गोगलगाय समजून पुढे सरकणार, तेवढ्यात गोळीचे डोळे फिरले.

पॅसिफिक स्पायनी लम्पसकर! फोटोत बघितला होता, प्रत्यक्ष पहिल्यांदाच. अंग जवळजवळ गोल, त्यावर टोकदार उंचवटे, इवलीशी शेपटी आणि कायम जराशी आश्चर्यचकित मुद्रा. लाटेने पान हललं आणि तो सुटला. मग जे काही पोहणं सुरू झालं ते बघून माझा जीव वरखाली व्हायला लागला. पंख इतके जोरात भिरभिरत होते की नुसते धूसर दिसत होते, पण मासा जेमतेम पुढे सरकत होता. मधेच कलंडला, मधेच गोल फिरला आणि शेवटी खांबावरच्या शेवाळाला पोट टेकवून पुन्हा चिकटला.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. या पाण्यात कॉड आहेत, मोठे स्कल्पिन आहेत, वरून पक्षी आहेत. भरती-ओहोटीचा प्रवाह तर असा की पाणबुडेसुद्धा वेळापत्रक बघून उतरतात. अशा ठिकाणी ज्याला धड पोहता येत नाही तो मासा तगलाच कसा? जाणकारांनी लिहा. कुणी पाहिला असेल तर तेही लिहा.

---

पाणबुड्या

अभिनंदन! धक्क्यावरून दिसला म्हणजे नशीबच. आम्ही टाकी पाठीला लावून तासभर शोधतो तेव्हा एखादा सापडतो, आणि तोसुद्धा बहुतेक वेळा सोबतच्याला.

प्युजेट साउंडमध्ये, म्हणजे सिअ‍ॅटलच्या खाडीत, शोधायचा तर ईलग्रासच्या (समुद्री गवताच्या) पट्ट्यात, केल्पच्या पानांवर आणि धक्क्याच्या खांबांवर. मासा शोधायला गेलात तर दिसत नाही. पानावर काही फुगवटा आहे का ते बघायचं. हिरव्या मादीला ईलग्रासवर ओळखणं फार कठीण. नर तांबूस-तपकिरी, तो दगडांवरच्या लालसर शेवाळात मिसळून जातो. पूर्ण वाढ झालेला क्वचित १२ सेंटिमीटरच्या वर जातो. आपल्याला दिसतात ते बहुतेक बोटाच्या पेराएवढे.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर साधं आहे: तो कुणाला दिसतच नाही.

---

चहाटळ

पोहता येत नाही म्हणून कुठे जायची घाई नाही, घाई नाही म्हणून दमणूक नाही. या माशाला माझा साष्टांग नमस्कार.

---

शिंपले मास्तर

ऋतुगंध, छान धागा. जरा सविस्तर लिहितो.

लम्पसकरांचं कुटुंब म्हणजे सायक्लोप्टेरिडी. साधारण ३० जाती, सगळ्या उत्तर गोलार्धातल्या थंड पाण्यातल्या: उत्तर अटलांटिक, आर्क्टिक, उत्तर पॅसिफिक. तुम्ही पाहिलेला *युमायक्रोट्रेमस ऑर्बिस*. ग्युंटरने १८६१ मध्ये त्याचं वर्णन केलं. वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यापासून अलास्का, बेरिंग समुद्र आणि पलीकडे उत्तर जपानपर्यंत त्याचा वावर आहे.

याच्या शरीरात तीन गोष्टी एकत्र बघायला हव्यात. पहिली, याला वाताशय नाही. बहुतेक हाडांच्या माशांत हवेची पिशवी असते, तिच्या जोरावर ते पाण्यात अधांतरी राहतात. ती नसलेला मासा पंख थांबवले की खाली बसतो. दुसरी, पोटाखालचे श्रोणी पंख एकमेकांना जुळून त्यांची गोल चकती झाली आहे. खडकावर, पानावर, काचेवर, कुठेही ती टेकवली की मासा तिथे पक्का. तिसरी म्हणजे चिलखत. अंगावरचे ते फणसाच्या सालीसारखे काटे नुसते कातडीचे उंचवटे नाहीत. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या फ्रायडे हार्बर प्रयोगशाळेत या माशांचे सीटी स्कॅन करून अभ्यास झाला. काटे आपल्या दातांच्याच जातीच्या पदार्थाचे, म्हणजे डेंटिन आणि त्यावर एनॅमलसारखा थर असलेले निघाले. थोडक्यात, अंगभर दात उगवलेला मासा.

आता हे सगळं एकत्र ठेवा. अंग गोल आणि कडक, त्यामुळे वळवळून पोहता येत नाही. पण तेच अंग गिळायला अवघड. कॉडच्या पोटात हे मासे सापडलेले आहेत, म्हणजे चिलखत अभेद्य नाही, पण तेवढ्याच आकाराच्या मऊ माशापेक्षा हा घास नक्कीच महाग. पोहण्याची क्षमता हरवली असं आपण म्हणतो, ते पोहणाऱ्या माशाची फूटपट्टी लावली म्हणून. याचा धंदाच चिकटून राहण्याचा आहे.

---

हिशेबनीस

मास्तर, ‘पक्का’ म्हणजे किती पक्का? आकडा द्या. मी कुठेतरी स्वतःच्या वजनाच्या ८० ते २३० पट ओढ सहन करतो असं वाचलं होतं.

---

शिंपले मास्तर

तो आकडा बरोबर आहे, पण मासा दुसरा. तो नॉर्दर्न क्लिंगफिशचा, *गोबिएसॉक्स मिअँड्रिकस*. राहतो त्याच किनाऱ्यावर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात दगडांखाली. २०१३ मध्ये फ्रायडे हार्बरच्याच अ‍ॅडम समर्स आणि सहकाऱ्यांचा त्यावर निबंध आला होता. त्याची गंमत अशी की खरबरीत, शेवाळलेल्या दगडावरही त्याची पकड सुटत नाही. बाजारातली रबरी चकती तिथे हवा शिरून लगेच निघते. क्लिंगफिशच्या चकतीच्या कडेला अतिसूक्ष्म केसांचे थर असतात, ते खाचाखोचांत बसतात. त्यावरून देवमाशांना मोजमापाची यंत्रं चिकटवण्यासाठी चकत्या बनवायचे प्रयत्नही झाले.

क्लिंगफिश आणि लम्पसकर जवळचे नातेवाईक नाहीत. क्लिंगफिशच्या चकतीत छातीच्या पंखांचाही भाग असतो, लम्पसकरची चकती फक्त श्रोणी पंखांची. लाटांच्या जागी राहायचं तर पोटाला काहीतरी पकड हवी, हा उपाय निसर्गाला वेगवेगळ्या घराण्यांत वेगवेगळ्या वेळी सापडला आहे.

लम्पसकरच्या ताकदीची एक जुनी नोंद मात्र अस्सल आहे. १८व्या शतकातले ब्रिटिश निसर्ग-अभ्यासक थॉमस पेनंट लिहितात की नुकताच पकडलेला लम्पसकर पाण्याच्या बादलीत टाकला, तर तो तळाला असा चिकटला की शेपटी धरून मासा उचलल्यावर पाण्याने भरलेली बादलीच वर आली. तो अटलांटिकमधला मोठा लम्पसकर, *सायक्लोप्टेरस लम्पस*.

---

चहाटळ

बादलीचा किस्सा वाचून आजचा दिवस सार्थकी लागला. 😄

---

अबोली

किती गोड आहे हा! फोटो बघून तीनदा ‘अगं बाई’ म्हणाले. घरच्या मत्स्यालयात ठेवता येईल का? मी उष्ण पाण्यातले समुद्री मासे पाळते, अनुभव आहे.

---

पाणबुड्या

अबोली, मनापासून सांगतो, नको. उष्ण पाण्याचा अनुभव इथे उलटा पडतो. याला साधारण ७ ते १३ अंश पाणी लागतं, म्हणजे चोवीस तास पाणी गार करणारं यंत्र. खाणं म्हणजे बारीक जिवंत कोळंबीवर्गीय जीव, आणि तेही तोंडापुढे यायला हवं, कारण दुसरे चपळ मासे टाकीत असले तर ते सगळं आधी संपवतात आणि हा बघत बसतो. मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांत त्याच्यासाठी वेगळ्या छोट्या टाक्या असतात, त्या याच कारणासाठी. तिथे जाऊन पोटभर बघा. काचेला चिकटलेला असला तर चकती आतून कशी दिसते तेही नीट बघायला मिळतं. मधे मऊ खळगा, भोवती जाड घड्या आणि कडेला पातळ झालर. श्वासाबरोबर ती झालर किंचित हलते.

---

उत्तरवारा

आइसलँडमधल्या रेक्याविकहून रामराम. मास्तरांनी अटलांटिकच्या भावाचा उल्लेख केला म्हणून लिहिते. तो छोटा नाही, मादी अर्ध्या मीटरपर्यंत वाढते. पण स्वभाव तोच.

इथे नर आणि मादी यांना कोळी लोक दोन वेगळे मासे असल्यासारखं वागवतात. नाव वेगळं, मोसम वेगळा, खायची रीत वेगळी. हिवाळा सरता सरता आधी नर किनाऱ्यालगत येतात, लाल रंग चढलेले. त्यांना ताजं उकडून किंवा तळून खातात. मादी येते मागाहून. ती ताजी फारशी कुणी खात नाही. उघड्या शेडमध्ये वाऱ्यावर टांगून अर्धवट सुकवतात आणि मग बटाट्यांबरोबर उकडतात. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा वासानेच मागे सरकले होते, आता वसंत आला की वाट बघते. शेजारच्या आजी म्हणतात, ही खाल्ल्याशिवाय हिवाळा संपत नाही.

खरा पैसा मात्र गाभोळीत. खारवलेली, काळी किंवा लाल रंगवलेली छोटी अंडी बरणीत मिळतात ना, कॅविअरसारखी दिसणारी, ती बहुतेकदा याच माशाची. डेन्मार्कमध्ये तर हिवाळ्याच्या शेवटी ताजी, न रंगवलेली गाभोळी कांदा आणि आंबट सायीबरोबर खायची मोठी हौस.

पण मला लिहायचं होतं ते नराबद्दल. मादी लाखभर किंवा त्याहून जास्त अंडी उथळ पाण्यात खडकाच्या खाचेत घालते आणि खोल पाण्यात निघून जाते. राखण करतो बाप. पुढचे सहा ते आठ आठवडे तो तिथेच चिकटून बसतो. पंखांनी वारा घालावा तसं पाणी घालतो, तोंडाने अंड्यांच्या गठ्ठ्यात पाणी फुंकतो, खेकडे आणि तारामासे आले तर हुसकावतो. या काळात जवळजवळ उपाशीच. ओहोटीत उघडा पडला तरी जागा सोडत नाही, मग पक्षी टोचतात. वादळात निसटून किनाऱ्यावर फेकला जातो तो वेगळाच.

ऋतुगंध, तुमच्या प्रश्नाचं मला वाटतं हेही एक उत्तर आहे. चकती नसती तर हा बाप लाटांच्या मारात दोन महिने एका जागी राहिला असता का?

---

गोगलगाय

उत्तरवारा, तुमचा प्रतिसाद वाचून डोळ्यांत पाणी आलं. मुलांना झोपताना ही गोष्ट सांगितली. धाकटीने विचारलं, बाबा मासा जेवतो कधी मग?

---

उत्तरवारा

तिला सांगा, पिल्लं बाहेर पडली की बाबा मासा समुद्रात जाऊन जेवतो. आणि पिल्लं जन्मल्यावर थोड्याच काळात स्वतःच्या चकतीने शेवाळाला चिकटतात. सुटलेल्या शेवाळाच्या तरंगत्या पुंजक्यांवर बसून कितीतरी लांब जातात.

---

होक्काइदोची माई

मंडळी, जपानला विसरू नका! आमच्याकडे हाकोदातेच्या बाजूला थंडीत गोक्को-जिरू करतात. गोक्को म्हणजे इथला गुळगुळीत लम्पसकर, *अ‍ॅप्टोसायक्लस*. काटे नाहीत, अंग बुळबुळीत. आधी उकळतं पाणी ओतून तो बुळबुळीत थर काढून टाकायचा, मग मांस, काळीज आणि गाभोळी सगळं रश्शात. अंडी दाताखाली टचटच फुटतात. बाहेर बर्फ आणि हातात तो वाडगा, बास.

खाण्याचं झालं, आता बघण्याचं. दक्षिणेला इझूच्या बाजूला हिवाळ्याच्या शेवटी पाणबुड्यांची गर्दी होते ती दांगो-उओसाठी, *युमायक्रोट्रेमस अवाए*. पूर्ण वाढलेला दोन-तीन सेंटिमीटर. त्याच्या पिल्लांच्या डोक्यावर पांढरं कडं असतं, इथले लोक त्याला देवदूताचं कडं म्हणतात. पिल्लू काही मिलिमीटरचं, शेवाळाच्या पानाच्या कडेवर बसलेलं, आणि समोर भलेमोठे कॅमेरे घेऊन माणसं श्वास आवरून रांगेत.

---

चहाटळ

अबोलीताई म्हणतात गोड, माई म्हणतात रस्सा. या धाग्यावर माशाला सल्ला: चिकटून बस रे बाबा, खाली उतरू नकोस.

---

फ्योर्डवासी

नॉर्वेतल्या बर्गनहून लिहितोय. माशांच्या आरोग्याशी संबंधित काम करतो, म्हणून इतका वेळ गप्प होतो. हा मासा मला रोज भेटतो आणि त्या भेटी सुखाच्या नसतात.

सॅल्मनच्या जाळीदार पिंजऱ्यांत उवांचा मोठा त्रास असतो. या उवा माशाची कातडी आणि श्लेष्म खातात, जखमा होतात. औषधं वापरून वापरून उवा त्यांना पुरून उरल्या. मग उवा खाणारे मासे पिंजऱ्यात सोडायला सुरुवात झाली. आधी रॅस जातीचे, पण पाणी फार गार झालं की रॅस सुस्तावतात. लम्पफिश, म्हणजे अटलांटिकचा मोठा लम्पसकर, थंडीतही खात राहतो, म्हणून २०१० नंतरच्या दशकात तो उत्तरेकडच्या मत्स्यशेतांत झपाट्याने आला. वर्षाला कोट्यवधी पिल्लं वाढवून सोडली गेली. स्कॉटलंड, फॅरो बेटं, आइसलँड सगळीकडे.

आता विचार करा. ज्याला चिकटायला पृष्ठभाग हवा, त्याला उघड्या पाण्यात लटकणाऱ्या जाळ्यात सोडलं. प्रवाह जोराचा, जाळं सतत हलणारं आणि घाण साचू नये म्हणून वरचेवर धुतलं जाणारं. प्लास्टिकच्या पट्ट्यांचं नकली केल्प सोडतात, त्यावर ते रांगा लावून बसतात. चांगल्या शेतांत हे नीट केलेलं असतं. जिथे नसतं तिथे मासे दमतात, पंख झिजतात, जिवाणूंचे रोग लागतात. मरण्याचं प्रमाण फार मोठं आहे. नॉर्वेच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच पाहणी करून या माशांची स्थिती समाधानकारक नाही असा निष्कर्ष काढला होता. आणि जे जगतात त्यांचं काय? मोठे झाले की उवा कमी खातात. सॅल्मन काढायची वेळ आली की त्यांनाही मारलं जातं, पुन्हा वापर क्वचित.

तगतो कसा, असा प्रश्न आहे धाग्याचा. आम्ही त्याला अशा जागी नेऊन ठेवलं की जिथे तो तगत नाही.

---

हिशेबनीस

फ्योर्डवासी, तळमळ समजते, पण दुसरी बाजू मांडतो. लम्पफिश नको तर काय? उवा काढायला सॅल्मनला सुमारे ३० अंशांच्या गरम पाण्यातून काही सेकंद काढतात, त्यात सॅल्मन वेदनेने तडफडतात. रसायनं समुद्रात जातात आणि तिथल्या कोळंबी-खेकड्यांवर परिणाम करतात. एका माशाने दुसऱ्या माशाच्या उवा खाणं हा त्यातल्या त्यात सौम्य मार्ग आहे. रॅस तर बहुतेक समुद्रातून पकडून आणतात, लम्पफिश निदान हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून पिल्लं वाढवण्याच्या केंद्रात, वाढवलेला असतो. सोय नीट केली, प्रवाह कमी असलेल्या जागाच निवडल्या, तर सरसकट बंद करायची गरज नाही.

---

फ्योर्डवासी

‘सोय नीट केली तर’ हेच तर मी रोज म्हणतो. पण सॅल्मनच्या उवा नियमाने मोजल्या जातात, कारण त्यावर शेताचा परवाना आणि पैसा अवलंबून. पिंजऱ्यात किती लम्पफिश अजून जिवंत आहेत हे तितक्या काटेकोरपणे कुणी मोजत नाही. मेलेले तळाला जातात, बरेचसे सापडतही नाहीत. ज्याची मोजदाद नीट होत नाही त्याची काळजी नीट घेतली जाते, यावर माझा विश्वास नाही. साधन म्हणून आणलेल्या माशालाही मासा म्हणून वागवायचं असेल तर सुरुवात मोजण्यापासून करा. गरम पाण्याला माझाही विरोधच आहे.

---

उत्तरवारा

हॅचरीबद्दल एक भर. पिल्लं हॅचरीत वाढतात, पण त्यांचे आईबाप बराच काळ समुद्रातूनच आणले जात होते. समुद्रातल्या माशांची स्थितीही सगळीकडे चांगली नाही. कॅनडात २०१७ मध्ये वन्यजीवांची स्थिती तपासणाऱ्या तिथल्या समितीने या जातीला ‘धोक्यात’ असा दर्जा दिला.

आइसलँडमधल्या गाभोळीच्या मासेमारीलाही फटका बसला. २०१४ मध्ये तिला शाश्वत मासेमारीचं एमएससी प्रमाणपत्र मिळालं, पण जाळ्यांत सील आणि समुद्रपक्षी अडकतात म्हणून जानेवारी २०१८ मध्ये ते स्थगित झालं. लम्पफिश संपत चाललाय असा आक्षेप नव्हता, त्याच्या जाळ्यात बाकीचे मरतात असा होता. नंतर सीलच्या वस्त्यांजवळची काही क्षेत्रं बंद केली आणि २०२० मध्ये प्रमाणपत्र परत मिळालं. बरणी घेताना मी आता लेबल वाचते.

---

नवखा

वाचनमात्र होतो, आज खातं उघडलं. समुद्रात सगळ्यांत खोल दिसलेला मासा याच घराण्यातला आहे असं ऐकलं, खरं का?

---

शिंपले मास्तर

स्वागत! घराण्यातला नाही, शेजारच्या घराण्यातला: स्नेलफिश, लिपॅरिडी. लम्पसकरांचे सगळ्यांत जवळचे नातलग. उथळ पाण्यातल्या बऱ्याच स्नेलफिशना पोटाखाली तशीच चकती असते. २०२२ मध्ये जपानजवळच्या इझू-ओगासावारा खंदकात ८३३६ मीटर खोलीवर एक स्नेलफिश कॅमेऱ्यात टिपला गेला, अ‍ॅलन जेमिसन यांच्या मोहिमेत. अजून तरी त्याहून खोल मासा कुणी चित्रित केलेला नाही. तिथे जायला वाताशय नसणं सोयीचंच, एवढ्या दाबाखाली हवेची पिशवी सांभाळायची म्हणजे संकट.

विषय निघालाच आहे तर पाणबुड्यांनी वर नर-मादीच्या रंगांबद्दल लिहिलं त्याला जोड देतो. उत्तर अटलांटिक-आर्क्टिकमध्ये *युमायक्रोट्रेमस स्पायनोसस* नावाची काटेरी जात आहे. तिथेच कमी काट्यांची एक वेगळी जात म्हणून १९५६ मध्ये *एगविनाय* नोंदली गेली. २००७ मध्ये डीएनए आणि शरीररचना तपासल्यावर कळलं की *एगविनाय* म्हणजे *स्पायनोसस*चाच नर! पन्नास वर्षं नवरा-बायको दोन जाती म्हणून पुस्तकात नांदत होते.

---

गोगलगाय

😂 😂 हे नवऱ्याला वाचून दाखवलं.

---

खाडीकाठ

उशिरा आलो, पण मूळ प्रश्नावर कुणी तरी मोजून बघितलं आहे ते सांगतो. मी सेंट जॉन्स, न्यूफाउंडलंडला असतो. इथल्या मेमोरियल विद्यापीठाच्या संशोधकांचा २००७ मधला अभ्यास आहे, लम्पफिशच्या पिल्लांवर.

पिल्लांना दोन प्रकारे खाता येतं. पोहत हिंडून भक्ष्य शोधायचं, किंवा चिकटून बसायचं आणि जवळ येईल ते टिपायचं. संशोधकांनी पाण्यातलं खाद्य कमी-जास्त करून पाहिलं. खाद्य विरळ होतं तेव्हा पिल्लं पोहत शोधायला लागली, दाट झालं की चिकटून बसली. पोहून थोडं जास्त मिळत असेलही, पण एवढ्या गोल अंगाला पोहण्याचा खर्चच इतका की पाण्यात भरपूर असताना बसून खाणं परवडतं. म्हणजे पिल्लू आळशी नाही, ते जमाखर्च बघून ठरवतं.

ऋतुगंध, तुमचा मासा पानावरून सुटला तेव्हा केविलवाणा दिसला असेल. पण त्याच्या दिवसातला तो अगदी लहान भाग. उरलेला सगळा वेळ तो दाट खाद्याच्या पाण्यात, प्रवाहाने तोंडापुढे आणून दिलेलं खात, जवळजवळ काहीच खर्च न करता बसलेला असतो. प्रवाहाची भीती वाटते ती पोहणाऱ्याला. चिकटलेल्याला तोच प्रवाह जेवण वाढतो.

---

हिशेबनीस

खाडीकाठ, हा प्रतिसाद मला पटला. आणि फ्योर्डवासींचा मुद्दाही यातून जास्त पटतो. पिंजऱ्यात प्रवाह तोच, पण बसायला जागा नसली की सगळा हिशेब उलटा होतो, खर्चच खर्च. नकली केल्प ही शोभेची वस्तू नाही, अन्नाइतकी गरज आहे. ते पुरेसं नसेल तिथे हा मासा सोडायलाच नको, इथवर मी तुमच्या बाजूला.

---

फ्योर्डवासी

हिशेबनीस, हात मिळवा. खाडीकाठ, तो अभ्यास कामावर सगळ्यांना वाचायला देतो.

---

ऋतुगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर मिळालं, आणि प्रश्न विचारताना माझ्या डोक्यातही नव्हती अशी काळजी त्याबरोबर आली. तो कसा पोहतो हे विचारण्याऐवजी तो कशाला धरून बसतो आणि ते शाबूत आहे का, हे विचारायला हवं. इथे ते म्हणजे ईलग्रास आणि केल्प. वॉशिंग्टनमध्ये ईलग्रासला कायद्याचं संरक्षण आहे एवढं माहीत आहे. धक्क्यांच्या सावलीने ते मरतं हे खरं का? आणि पुढच्या वेळी बघायला कधी जाऊ?

---

पाणबुड्या

खरं आहे. ईलग्रासला ऊन लागतं, लाकडी फळ्यांच्या सलग धक्क्याखाली ते टिकत नाही. म्हणून इथे नवे धक्के बांधताना फळ्यांऐवजी उजेड खाली जाईल अशी जाळी बसवायला लावतात. जुने धक्के तसेच आहेत. बोटवाल्या ओळखीच्यांना एक सांगा: नांगर ईलग्रासच्या पट्ट्यात टाकू नका, उपटलेला पट्टा भरून यायला फार काळ लागतो.

बघायला कधी? प्युजेट साउंडमध्ये उन्हाळ्यात सगळ्यांत मोठ्या ओहोट्या दिवसा लागतात, हिवाळ्यात रात्री. तुम्हाला रात्रीचाच नाद आहे तर हिवाळ्यातल्या मोठ्या ओहोटीला जा, बूट घालून, ईलग्रास न तुडवता कडेकडेने. टॉर्च थेट त्याच्यावर रोखू नका, बाजूने धरा. आणि सापडला तरी हात लावून सोडवू नका. मी एकवीस तारखेच्या आठवड्यात उतरणार आहे, यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.